पहिल्या मोफत सर्किट कोर्सचं पुढं काय झालं

५ मार्च २०१२ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं, म्हणजे एमआयटीनं (पुण्यातली नव्हे, बॉस्टनजवळच्या केंब्रिजची), आपला इलेक्ट्रॉनिक्सचा एक पायाभूत विषय इंटरनेटवर सुरू केला. नाव ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’, क्रमांक ६.००२ एक्स. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. ईमेल पत्ता असला की नाव घाला, चौदा आठवडे अभ्यास करा, आणि पास झालात तर प्रमाणपत्रही फुकट. ८ जूनला कोर्स संपला. नावं घातलेले १,५४,७६३ आणि पास झालेले ७,१५७ असा हिशोब निघाला.

या दोन आकड्यांवरून तेव्हापासून वाद चालू आहे. टीकाकार भागाकार करून म्हणतात, धड पाच टक्केसुद्धा पास नाहीत. कोर्स शिकवणारे अनंत अगरवाल (आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी, एमआयटीतले प्राध्यापक) गुणाकार मांडायचे: एमआयटीत वर्षाला दोन सत्रं शिकवूनही एवढी मुलं पास करायला मला चाळीस वर्षं लागली असती. दोघांचंही गणित बरोबर आहे. फक्त त्यातून मुलांना सर्किट आलं का, आणि आलं तर कशाच्या जोरावर, हे काही कळत नाही.

मी महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला नेटवर्क अ‍ॅनालिसिस शिकवतो. ६.००२ एक्समध्ये जे होतं त्यातलं बरंचसं माझ्याच सिलॅबसमध्ये आहे, त्यामुळे पोरं कुठं अडकतात हे मला पाठ आहे. एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सना मुलांची नावं घालून घेणं, हेही काम माझ्याच गळ्यात आहे. या प्रकरणात मला रस वाटला तो त्यामुळे. दुसरं म्हणजे या कोर्सची माहिती फार मोकळेपणानं बाहेर आली. कुणी कुठलं पान कधी उघडलं, कुठला व्हिडिओ कुठं थांबवला, अशा सुमारे २३ कोटी नोंदी संशोधकांना मिळाल्या आणि २०१३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले.

कोर्स आतून कसा होता

एमआयटीचं साहित्य त्याआधीही फुकट मिळायचं. २००१ साली जाहीर झालेल्या ओपनकोर्सवेअरमध्ये नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, काही विषयांची अख्खी व्याख्यानं होती. पण तिथं गृहपाठ तपासायला कुणी नव्हतं, मुदत नव्हती, आणि तेच पान आणखी कोण वाचतंय हे दिसत नव्हतं. २०११ च्या शेवटी शेवटी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत कोर्सला दीड लाखावर नावं आली, डिसेंबरात एमआयटीनं आपला उपक्रम जाहीर केला, आणि मग तीन महिन्यांत हा कोर्स उभा राहिला.

व्याख्यान म्हणजे छोटे छोटे तुकडे. पडद्यावर लिहिणाऱ्या पेनच्या रेघा, मागं आवाज. दोन तुकड्यांच्या मध्ये एखादा प्रश्न. उत्तर टाकलं की हिरवी खूण नाही तर लाल फुली. अगरवाल यांनी जेफ्री लँग यांच्यासोबत लिहिलेलं जाडजूड पाठ्यपुस्तक पडद्यावर फुकट वाचता यायचं. गृहपाठाचं उत्तर चुकलं तर हिरवी खूण येईपर्यंत पुन्हा पुन्हा टाकायची मुभा होती. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची फाइल बघून बाकीचे उतरवतात. त्यापेक्षा हिरव्या खुणेसाठी दहा वेळा चुकणं कधीही बरं, असं माझं मत.

खरी कारागिरी होती ती लॅबमध्ये. ब्राउझरमध्येच एक चौकोनी रिकामी जागा. बाजूच्या पट्टीतून रेझिस्टर, कपॅसिटर, व्होल्टेज सोर्स, मॉस्फेट ओढून आणायचे, तारा जोडायच्या आणि डीसी, एसी किंवा ट्रान्झियंटचं बटण दाबायचं, की आलेख समोर. आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरच्या) सर्किटमध्ये कपॅसिटरची किंमत दुप्पट केली की वक्र कसा आळसावतो, हे फळ्यावर समजावताना माझा पाऊण तास जातो. तिथं ते दोन क्लिकमध्ये दिसायचं. मात्र सिम्युलेटरमधली तार कधी सैल होत नाही. आमच्या लॅबमध्ये अर्धा वेळ जातो तो ब्रेडबोर्डचा एखादा रकाना मेलेला आहे का, आयसीची पिन खाली दुमडली आहे का, मल्टिमीटरचा सेल उतरला आहे का, हे शोधण्यात. आणि पुढं नोकरीत मुलाला पगार मिळतो तो बहुतेक या शोधाशोधीचाच.

गुणांची विभागणी अशी: गृहपाठ १५, लॅब १५, मिडटर्म ३०, अंतिम परीक्षा ४०. साठला पास. पूर्वतयारी म्हणून वीज-चुंबकत्वाचं फिजिक्स, कॅल्क्युलस आणि थोडी डिफरन्शियल इक्वेशन्स यायला हवीत असं सांगितलं होतं. आपल्या भाषेत, एम-टू (इंजिनिअरिंग मॅथ्स-२) पक्का हवा. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्या मुलांना हे वाक्य वाचून जे वाटतं, ते जगभरच्या कितीतरी नोंदणीदारांना वाटलं असणार.

गळती नेमकी कुठं

१,५४,७६३ जणांपैकी पहिला गृहपाठ उघडून पाहिला ६९,२२१ जणांनी. त्यात निदान एक गुण मिळवला २६,३४९ जणांनी. मिडटर्ममध्ये निदान एक गुण मिळवणारे १०,५४७, त्यातले ९,३१८ पास. अंतिम परीक्षेत निदान एक गुण मिळवणारे ८,२४०, त्यातले पास ५,८००. अंतिम परीक्षेत पास ५,८०० आणि कोर्समध्ये पास ७,१५७, हे उलटं वाटेल. पण गृहपाठ, लॅब आणि मिडटर्म मिळून साठ गुण आधीच हातात असायचे, त्यामुळे शेवटच्या पेपरात घसरलेलेही तरून गेले.

पंच्याऐंशी हजार लोकांनी पहिला गृहपाठ उघडलाच नाही. त्यांना नापास धरणं म्हणजे ग्रंथप्रदर्शनात चक्कर मारून रिकाम्या हातानं बाहेर आलेल्याला निरक्षर ठरवण्यासारखं आहे. त्यांना वगळा. पहिल्या गृहपाठात एक तरी गुण मिळवलेल्यांपैकी सत्तावीस टक्के पास झाले, आणि मिडटर्मला टेकलेल्यांपैकी अडुसष्ट टक्के. माझ्या वर्गाचा एखाद्या वाईट वर्षाचा निकाल याहून फार वेगळा नसतो.

मला अस्वस्थ करतो तो मधला टप्पा. ६९ हजारांनी गृहपाठ उघडला आणि त्यातल्या जवळपास ४३ हजारांना एकही गुण नाही. यात नुसतं डोकावायला आलेले असतील, नोकरदार असतील, दुसऱ्या कॉलेजातले प्राध्यापक असतील. पण प्रश्न वाचला, पेन उचललं आणि खाली ठेवलं, असेही असतीलच. वर्गात असा मुलगा मला चेहऱ्यावरून कळतो. मी जाऊन सर्किट सोडवायची पहिली पायरी विचारतो, “केसीएल लावलास का? नोड कुठला धरलास?” आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं गाडी सुरू होते. सर्व्हरच्या नोंदींत मात्र डोकावणारा आणि अडकलेला हे दोघं अगदी सारखेच दिसतात: पान उघडलं, पान बंद झालं.

जगभरातून म्हणजे कुठून

नोंदणी १९४ देशांतून झाली. सगळ्यात जास्त अमेरिका, २६,३३३. दुसरा नंबर भारताचा, १३,०४४. मग ब्रिटन ८,४३०, त्याखाली कोलंबिया आणि स्पेन. चीनमधून फक्त ६२२. एवढ्या मोठ्या देशातून एवढी कमी नावं का, याचं एक कारण उघड आहे: व्हिडिओ यूट्यूबवर होते आणि यूट्यूब तिथं बंद आहे. ‘जगात कुठंही’ या शब्दांना सरकारं अशी परस्पर कात्री लावतात. त्याच वर्षी सप्टेंबरात पाकिस्ताननं यूट्यूब बंद केलं, तेव्हा लाहोरची एक अकरा वर्षांची मुलगी दुसऱ्या एका मोफत भौतिकशास्त्र कोर्सची अंतिम परीक्षा देत होती. परीक्षेतले प्रश्न व्हिडिओत होते. तिनं कोर्सच्या चर्चेत कळवळून लिहिलं, तर मलेशियातल्या एकानं प्रश्न शब्दांत मांडून दिले आणि पोर्तुगालमधल्या एका प्राध्यापक बाईंनी व्हिडिओ दुसरीकडे चढवायची खटपट केली. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकी निर्बंधांमुळे कोर्सेरा या ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या कंपनीला इराण, सुदान, क्यूबा आणि सीरियातल्या विद्यार्थ्यांची वाट अडवावी लागली, ती वेगळीच तऱ्हा.

६.००२ एक्सच्या शेवटी प्रश्नावली भरून घेतली होती, ती सात हजारांवर लोकांनी भरली. त्यात ८८ टक्के पुरुष. ३७ टक्क्यांकडे पदवी, २८ टक्क्यांकडे पदव्युत्तर किंवा व्यावसायिक पदवी. बारावीच्या दर्जाचं शिक्षण झालेले २७ टक्के. म्हणजे शेवटपर्यंत टिकलेल्यांत दोन तृतीयांश लोकांचं शिक्षण आधीच झालेलं होतं. गावाकडची हुशार पोर, जिला कॉलेज परवडत नाही, तिच्यासाठी हे दार उघडलं असं तेव्हा वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं. ती पोर आली नाही असं नाही. पण तिच्या आधी, तिच्यापेक्षा मोठ्या संख्येनं, इंजिनिअर आले.

पुढच्या वर्षांतही हे चित्र पालटलं नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या २०१२ ते २०१८ मधल्या ५६५ कोर्स-आवृत्त्यांचा, ५६ लाखांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मानवी विकास निर्देशांकात तळाशी असलेल्या देशांतले विद्यार्थी त्यात दीड टक्काही भरत नव्हते.

उलानबातर आणि जबलपूर

पैकीच्या पैकी गुण मिळवणारे जगात ३४० जण निघाले. त्यातला एक मंगोलियाच्या राजधानीतला, उलानबातरचा, पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा: बत्तुशिग म्यांगनबायर. अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्याची गोष्ट जगभर नेली. पंधराव्या वर्षी, मंगोलियात बसून, एमआयटीच्या दुसऱ्या वर्षाच्या विषयात पैकीच्या पैकी! २०१३ साली तो एमआयटीतच शिकायला गेला. मोफत ऑनलाइन शिक्षण काय करू शकतं याचं उदाहरण म्हणून आजही पहिलं नाव त्याचंच घेतात.

मुलगा असामान्य होता यात शंका नाही. बहीण आणि शेजारची मुलं इमारतीखाली खेळतात तिथं गॅरेजमधून गाडी अचानक बाहेर येते, म्हणून त्यानं गाडी येताना वाजणारा सायरन स्वतः बनवला होता. पण गोष्ट सांगताना एक भाग बहुतेकदा गाळला जातो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक एंखमुंख झुर्गानजिन हे एमआयटीतून पदवी घेणारे पहिले मंगोलियन. कोर्स जाहीर होताच त्यांनी शाळेतली वीसेक मुलं गोळा करून त्यांची नावं घातली, आणि स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मित्राला बोलावून घेतलं. तो प्रयोगाचं सामान घेऊन उलानबातरला आला, आठवड्यांमागून आठवडे राहिला, आणि मुलांकडून खऱ्या तारा, खरे कपॅसिटर जोडून घेतले. सिम्युलेटरमध्ये जे नव्हतं ते या माणसाच्या बॅगेतून आलं.

म्हणजे त्या मुलाला एमआयटीचं व्याख्यान फुकट मिळालं हे खरं. शिवाय त्याला वर्गमित्र, एमआयटी पाहिलेला मुख्याध्यापक, प्रयोगाचा गुरू आणि ठरलेली वेळ, एवढं सगळं मिळालं. यातली पहिली गोष्ट दीड लाख लोकांकडे होती.

जबलपूरच्या सतरा वर्षांच्या मुलाची हकीकत थोडी निराळी. ६.००२ एक्स संपल्यावर त्याला पुढचा विषय, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, हवा होता आणि तो काही ऑनलाइन आलेला नव्हता. मग चर्चेतून ओळख झालेल्या दोघांना धरून त्यानं तो कोर्स स्वतःच उभा केला. व्याख्यानं एमआयटीच्या जुन्या खुल्या साहित्यातली. त्याभोवतीची सगळी मांडणी त्यांची. हजारावर लोकांनी नावं घातली. त्यालाही पुढं एमआयटीत प्रवेश मिळाला. इथं मुख्याध्यापक नव्हते की बॅगेतून सामान आणणारा मित्र नव्हता. पण सोबत होतीच, ती त्यानं कोर्सच्या चर्चेतून कमावली.

ही चर्चा म्हणजे कोर्समधली प्रश्नोत्तरांची जागा. एकूण नोंदणीदारांपैकी जेमतेम तीन टक्के लोक तिथं कधी काही लिहून गेले. प्रमाणपत्र मिळवलेल्यांत मात्र निम्म्याहून जास्त लोकांचा तिथं वावर होता, आणि प्रश्न विचारणाऱ्यांपेक्षा उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. संशोधकांनी पार्श्वभूमी, वय, शिक्षण वगैरे सगळं बाजूला काढून पाहिलं, तेव्हा एक आकडा उठून दिसला. ज्यानं ऑनलाइनच्या बाहेर, प्रत्यक्षात, कोर्समधल्या दुसऱ्या कुणाबरोबर किंवा विषय जाणणाऱ्या कुणाबरोबर बसून अभ्यास केला, त्याचे गुण एकट्यानं केलेल्यापेक्षा सरासरी जवळपास तीन गुणांनी जास्त. तीन गुण ऐकायला थोडे वाटतात. काठावरच्या मुलाला ते केटी (नापास विषय पुढच्या वर्षात नेणं) लागते की सुटते एवढे असतात.

अर्थात अशी मंडळी मुळातच जास्त मनापासून करणारी असतील, ही शंका इथं घ्यायलाच हवी. सोबतीमुळे गुण वाढले की मनापासून करणारे सोबत शोधतात, याचा निवाडा या आकड्यांवरून होत नाही.

सॅन होजे: एकाच आवारात दोन निकाल

या शंकेला थोडा उतारा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत मिळतो. ही एमआयटीसारखी संस्था नव्हे. सरकारी, मोठी, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांची. २०१२ च्या उत्तरार्धात तिथं सर्किटच्या एका वर्गाला ६.००२ एक्स लावलं. मुलांनी व्हिडिओ आणि त्यातले प्रश्न घरून करून यायचं, आणि वर्गात प्राध्यापक, मदतनीस आणि गटात बसून गणितं सोडवायची. त्या वर्गाचा निकाल लागला ९१ टक्के. आधीच्या नेहमीच्या वर्गाचा होता ५९. वर्ग एकच होता, शिकवणाऱ्यांचा उत्साह नवा होता, म्हणून या आकड्याला देव्हाऱ्यात बसवू नये. पण फरक डोळ्यांत भरतो.

लगेच पुढच्या सत्रात, २०१३ च्या सुरुवातीला, त्याच विद्यापीठानं उडासिटी या ऑनलाइन कोर्स काढणाऱ्या कंपनीबरोबर तीन विषय पूर्ण ऑनलाइन काढले: कच्च्या मुलांसाठी पायाचं गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र. फी नाममात्र, दीडशे डॉलर. घोषणेला राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन हजर. आधी नापास झालेली मुलं आणि काही शाळकरी मुलं यांना डोळ्यांसमोर ठेवून हे आखलं होतं. ऑनलाइन मदतनीसही होते. निकाल आला तेव्हा एकाही विषयात ५१ टक्क्यांच्या वर मुलं पास नव्हती; त्याच विषयांच्या नेहमीच्या वर्गांत हे प्रमाण ७४ टक्के किंवा त्याहून जास्त होतं. शाळकरी मुलांपैकी काहींच्या घरी कॉम्प्युटरच नाही, हे कोर्स सुरू होऊन बरेच दिवस गेल्यावर लक्षात आलं. जुलैत पुढच्या सत्रासाठी प्रयोग थांबवला. उन्हाळ्यात पुन्हा घेतलेल्या तुकडीचा निकाल खूपच सुधारला, पण त्या तुकडीत पदवीधरांचा भरणा होता.

दोन्हीकडे विद्यापीठ तेच, व्हिडिओ चांगले, गृहपाठ लगेच तपासून मिळणारे. विषय वेगळे, मुलं वेगळी, हे मान्य. तरी पहिल्या प्रयोगात समोर माणूस होता आणि दुसऱ्यात सगळ्यात कच्च्या मुलांना सगळ्यात एकटं सोडलं होतं, हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. मधल्या काळात, एप्रिल २०१३ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानं हार्वर्डच्या एका प्राध्यापकांचा ऑनलाइन कोर्स वर्गात वापरायला नकार देणारं खुलं पत्र लिहिलं. श्रीमंत विद्यापीठांत खरे प्राध्यापक आणि बाकीच्यांच्या नशिबी त्यांचे व्हिडिओ, अशी विभागणी होईल, ही त्यांची भीती. तेव्हा ती अनेकांना मास्तरांची नोकरी वाचवायची धडपड वाटली. मला नाही वाटली.

फुकटचा हिशोब

कोर्स चालू असतानाच, मे २०१२ मध्ये, एमआयटी आणि हार्वर्ड यांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलर घालून एडएक्स ही ना-नफा संस्था काढली आणि ६.००२ एक्स तिच्याकडे गेला. पण कॅमेरे, सर्व्हर, प्रश्न रचणारी माणसं यांचा खर्च दरवर्षी येतच राहतो. २०१५ च्या अखेरीस फुकट प्रमाणपत्र बंद झालं. काही वर्षांनी फुकट बघणाऱ्यांना तपासला जाणारा गृहपाठही मिळेनासा होऊ लागला. २०२१ साली टू-यू या कंपनीनं एडएक्स ८० कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं, आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला.

यातलं कुठलंच पाऊल मला लबाडीचं वाटत नाही. पण काय काढून घेतलं ते पाहा. व्हिडिओ फुकट राहिले, आणि आधी प्रमाणपत्र, मग तपासणी गेली. २०१२ चा कोर्स ओपनकोर्सवेअरपेक्षा ज्या गोष्टीमुळे वेगळा होता, तीच गोष्ट पैशांच्या दाराआड गेली. एक बारकावा असा की पैसे भरून ओळख पडताळून घेणाऱ्यांत कोर्स पुरा करणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये ४६ टक्के होतं आणि सगळ्या नोंदणीदारांत मिळून तीन टक्के. पैसे गुंतले की माणूस नेट लावतो हे खरंच आहे. फक्त ज्याच्याकडे गुंतवायला पैसे नाहीत, त्याच्यासाठीच तर हा खटाटोप मांडला होता.

आपल्याकडे

भारतात ही वाट वेगळ्या बाजूनं आली. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी २००३ पासून एनपीटीईएल चालवलं, २०१४ पासून प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, आणि २०१७ साली केंद्र सरकारचं स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आलं. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर फी भरून केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन बसायचं. गृहपाठाला २५, परीक्षेला ७५, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हायला लागतं. केंद्रावरची परीक्षा ही या पद्धतीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, कारण गृहपाठाचं आमच्याकडे काय होतं ते मी रोज बघतो. बुधवारी रात्री मुदत संपते; संध्याकाळी सातच्या सुमारास टेलिग्रामवर उत्तरांचा फोटो येतो, आणि आठपर्यंत सगळ्या वर्गाचा गृहपाठ पैकीच्या पैकी. मग केंद्रावर पंचाहत्तरपैकी तीस मिळवताना घाम फुटतो.

कॉलेजांत एनपीटीईएलची स्थानिक शाखा, म्हणजे लोकल चॅप्टर असते, तिचा एक समन्वयक असतो (सगळे त्याला स्पॉक म्हणतात), आणि कोर्सला मेंटॉर नेमायची सोय आहे. कागदावर ही रचना उलानबातरच्या शाळेसारखीच आहे. प्रत्यक्षात मेंटॉर म्हणजे मुदतीची आठवण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं ढकलणारा माणूस, आणि यात मीही आलो.

आयआयटी मुंबईच्या, सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या स्पोकन ट्युटोरियलनं दुसऱ्या टोकापासून विचार केला होता. दहाएक मिनिटांचा पाठ, मास्तर जवळ नाही असं गृहीत धरून आखलेला. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडं ठेवून बरोबरीनं करत जायचं. आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत, पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच, कारण नोकरीत पडदा इंग्रजीच असणार. आणि हे पाठ घरी पाठवून न देता कॉलेजच्या लॅबमध्ये, ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी मिळून बघायच्या कार्यशाळा. तिथलंच ईसिम हे मोफत सर्किट सिम्युलेटर मी वर्गात वापरतो. जिथं मराठी आवाज आहे तिथं मागच्या बाकावरून प्रश्न जास्त येतात, आणि पहिला प्रश्न विचारणारा बहुधा डिप्लोमाचा असतो.

दोन सत्रांमागं आम्ही एक गोष्ट करून पाहिली. एनपीटीईएलच्या सर्किटच्या कोर्सला नाव घातलेल्या मुलांसाठी गुरुवारी शेवटचा तास लावला. व्हिडिओ तिथं लावायचा नाही. तो बघून यायचं. बुधवारी जमा केलेला गृहपाठ गुरुवारी फळ्यावर एकेकानं सोडवून दाखवायचा. पहिल्या तासाला वर्ग गच्च भरला आणि टेलिग्रामवरचं उत्तर का बरोबर आहे हे कुणालाच सांगता आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी अर्धी मुलं उरली, पण एकीनं दाखवून दिलं की फोटोतलं एक उत्तर चुकलेलं आहे, आणि सगळ्यांनी मुकाट ते चुकीचंच उत्तर भरलं होतं. तेव्हापासून त्या फोटोची पत जरा उतरली आहे.

अडचण मुलांची नाही. हा तास टाइमटेबलमध्ये आहे पण वर्कलोडमध्ये नाही. ऑनलाइन कोर्सला शिक्षक लागत नाही, मग तास कसला मोजायचा, असा हिशोब. तो मोजावा म्हणून मी अर्ज दिला, सोबत सॅन होजेचे दोन्ही निकाल जोडले. अर्ज ‘पुढील सभेत विषय ठेवावा’ असा शेरा घेऊन परत आला आहे.